आठल्यांच्या संगणकाची सफाई

बसा मंडळी, पुढे सरका! खांबाला टेकलेत त्यांनीही सरकावं, खांब आपला आपण उभा राहतो. नाना, पेटीचा सूर जरा खाली घ्या, माझा घसा अजून उघडायचाय. हं, असा.

देवाला नमस्कार झाला, तुम्हालाही झाला. आता एक प्रश्न. ज्या माणसाला स्वस्थ बसता येत नाही, त्याच्या हातून सफाई होते का? घराची म्हणा, मनाची म्हणा, कशाचीही म्हणा. होते का?

वहिनी, तुमची मान हलली. पण हो म्हणून की नाही म्हणून? दोन्हीकडे हलली! बरोबर आहे, घरात तसलाच एक माणूस असणार. शेजारी बसलाय तोच का? नको, सांगू नका.

मन चंचल आहे, हे माझ्याआधी येऊन गेलेल्या सगळ्या बुवांनी तुम्हाला सांगितलंय. मी पुन्हा सांगत बसत नाही. मी तुम्हाला एका संगणकाची गोष्ट सांगतो. हो, संगणकाची! ते पहिल्या रांगेतले आजोबा दचकले. आजोबा, घाबरू नका, देव त्याच्यातही आहे. ऐका.

खाडीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, त्या गावचे व्याही इथे बसलेत. गावात श्रीधरपंत आठल्ये नावाचे गृहस्थ. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. स्वभावाने चांगले, कुणाच्या अध्यात ना मध्यात — पण पायाला चाक! खुर्चीत बसले की गुडघा हलणार. झोपाळ्यावर बसले की कडी कुरकुरणार. पेपर उघडला की पहिलं पान अर्धं वाचून शेवटच्या पानावर. आणि घरात एकच ध्यास: आवरायचं. डबा इथला तिथे, चप्पल तिथली इथे. विजयाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, शिवणाची कात्री टेबलावर ठेवली, तर ती संध्याकाळी कुठल्या खणात जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

मग ती माउली काय करायची? चांगली कात्री चिंध्यांच्या बोचक्यात ठेवायची. कारण चिंध्यांना पंत हात लावत नसत. जे टाकायचं ठरलं त्याच्याकडे त्यांचं लक्षच नसे. हे ध्यानात ठेवा मंडळी, सगळी गोष्ट यावर उभी आहे.

विजयाताई शाळेत शिक्षिका होत्या. आवाज असा स्वच्छ की शेवटच्या बाकावरच्या मुलालाही झोप येऊ नये. त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे एक मुलगी आली. चैत्राली गुरव. दोन्ही डोळ्यांनी अंध. जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून इतिहासात एम. ए. करत होती. म्हणाली, "बाई, एक पुस्तक आहे. परीक्षेला तेच लागतं. जुनं आहे, छापील आहे, मला ऐकायला कुठेच मिळत नाही. तुम्ही वाचून द्याल?"

बाई म्हणाल्या, "देईन."

एवढंच बोलणं झालं. काही बोलणी अशीच होतात मंडळी, दोन शब्दांची, आणि त्यात महिनेच्या महिने जातात.

विजयाताई रोज वाचायला बसत. संगणकाला छोटा माइक लावायचा, दार लोटायचं आणि वाचायचं. पंत बाजाराला गेले की वाचायचं, कारण घरात असले की ते तीनदा दार उघडून विचारणार, "झालं का?" एकेक प्रकरण पूर्ण झालं. परीक्षेआधी चैत्रालीचे वडील पेनड्राइव्ह घेऊन येणार आणि सगळं एकदम नेणार, असं ठरलं होतं.

आता वाचलेलं ठेवायचं कुठे? संगणकाच्या पडद्यावर ठेवलं तर पंत म्हणत, "हा काय पसारा? आवरतो." आणि आवरत! फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी एक फोल्डर, आणि त्या फोल्डराचं नाव 'इतर'. एकदा एक प्रकरण दोन दिवस सापडेना. मग या बाईने युक्ती केली. पडद्याच्या कोपऱ्यात कचरापेटीचं चित्र असतं ना? नको ते त्यात टाकतात. बाईंनी हवं ते त्यात टाकलं! वाचलेलं प्रकरण उचललं, पेटीत ठेवलं. पेटी उघडली की दिसायचं, बाहेर काढ म्हटलं की यायचं. पंत तिकडे फिरकणार नाहीत याची खात्री. चिंध्यांत कात्री!

तुम्ही हसताय. आणि पंतांचं काय वाटणं होतं माहीत आहे? त्यांना वाटायचं, त्या पेटीतला कचरा आपोआप जातो. सकाळी दारात घंटागाडी येते, तशी संगणकातही कुठूनतरी येत असेल आणि नेत असेल! त्यांनी ती पेटी आयुष्यात कधी रिकामी केली नव्हती. एकाची समजूत चुकीची, दुसऱ्याची युक्ती धाडसाची, आणि दोन्हींच्या जोरावर संसार छान चालला होता. म्हणा, हरि हरि!

पण संगणक जुना. हळू चालायला लागला. बटण दाबलं की उघडेपर्यंत चहा व्हायचा. तुमच्याआमच्यासारखा माणूस म्हणतो, बरं, चहा पिऊ. पण पंत? ते उभे राहून टेबलावर बोटं वाजवू लागले. कुणीतरी त्यांना सांगितलं, "अहो, डिस्क विस्कटली असेल. फुकटातली सॉफ्टवेअरं मिळतात. एक साफ करतं, एक नीट लावून देतं."

नीट लावून देतं म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. लग्नाची जेवणावळ डोळ्यांसमोर आणा. एका घरची माणसं जागा मिळेल तिथे बसली. बाप पहिल्या पंगतीत खांबाजवळ, आई पार तिकडे, मुलगा मांडवाच्या दारात. आता त्या घराला आग्रहाचे लाडू वाढायचेत, तर वाढप्याला सगळा मांडव पालथा घालायला लागतो. संगणकात एकेक फाइल अशीच तुकड्यातुकड्यांनी बसलेली असते. तर सगळ्यांना उठवायचं आणि एका घरची माणसं शेजारी शेजारी बसवायची. वाढपी एकदाच जातो. एवढंच ते शास्त्र. त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे, ते घेतलं की माझी कवळी हलते.

पंत शोधायला बसले. बसले म्हणजे काय, अर्धे खुर्चीत, अर्धे हवेत! एक पान उघडलं: सर्वांत उत्तम फुकट सॉफ्टवेअर. दुसरं उघडलं: तिथे सर्वांत उत्तम भलतंच. पहिल्याला चार तारे, दुसऱ्याला साडेचार. तिसऱ्याच्या पानावर हिरवं बटण, त्याच्या खाली त्याहून मोठं हिरवं बटण. पंतांनी कुठलं दाबलं असेल? मोठं! झालं. मागवला झाडू, आणि त्याच्या मागून झाडूची मावशी, मावशीचा जावई, आणि पडद्यावर हवामान सांगणारा एक गडी, असे सगळे येऊन राहिले. प्रत्येक वेळी 'पुढे, पुढे, मान्य' असं विचारत होतं. पंतांना वाचायला वेळ कुठला? दाबलं 'पुढे'.

तो पहिला झाडू म्हणाला, तुमच्या संगणकात हजारो दोष आहेत! लाल अक्षरांत, घंटा वाजवून! पंत खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "काढ बाबा." तो म्हणतो, शोधणं फुकट, काढणं विकत. आपल्याकडे काही पत्रिका बघणारे असतात ना, दोष फुकट दाखवतात आणि शांतीचं वेगळं घेतात, तसलाच प्रकार. आमचं तसं नाही हो, आमचं ताट आरतीनंतर उघडपणे फिरतं!

मग दुसरं घेतलं. ते म्हणालं, पहिलं आहे तेच घातक. मग तिसरं घेतलं. त्याला पहिली दोन्ही नकोत. आता संगणक चालू केला की तिघंही एकदम जागी व्हायची आणि एकमेकांवर नजर ठेवायची. चहा व्हायचा तिथे आता स्वयंपाक होऊ लागला! वेग हवा म्हणून जे जे आणलं त्याच्याच ओझ्याने तो बिचारा बसला. आणि पंत काय म्हणाले? "याच्यात अजून घाण आहे."

हसू नका. किती उपास बदललेत? एक पोथी अर्धी, दुसरीची पहिली ओवी, तिसऱ्या महाराजांचा अंगारा. मन साफ करायला जे जे आणलं ते सगळं मनातच पडून आहे. असो. पुढे.

शेवटी एक सापडलं. त्यात एकच भलंमोठं बटण: सगळं एकदम. साफही करतो, लावूनही देतो! पंतांना आणखी काय हवं होतं? विजयाताई भिशीला गेल्या होत्या. दुपारची वेळ. पंतांनी बटण दाबलं. पडद्यावर पट्टी सरकू लागली. पंत उभे राहून बघत होते, आणि त्यांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यांनी मधल्या वेळात चपलांचं कपाटही आवरून टाकलं.

त्या यंत्राने पहिलं काम कुठलं केलं असेल? सांगा ना कुणीतरी! कचरापेटी रिकामी केली.

बाई घरी आल्या. पदराने घाम पुसला, पाणी प्यायल्या, संगणकाशी बसल्या. कोपऱ्यात बघितलं. पेटी उघडली. मिटली. पुन्हा उघडली. पंत मागे उभे राहून सांगत होते, "बघ, कसा पळतोय आता!"

त्या म्हणाल्या, "यातलं कुठे गेलं?"

"कशातलं?"

"पेटीतलं. चैत्रालीचं पुस्तक होतं त्यात."

पंत हसलेच आधी. म्हणाले, "कचरापेटीत कोण ठेवतं गं?"

मंडळी, बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जिथे तुम्ही हात घालत नाही तिथे ठेवलं. या घरात तेवढीच एक जागा उरली होती."

तबला नको, बुवा. राहू द्या.

परीक्षा तोंडावर आली होती. पंतांनी फरीदाला फोन लावला. फरीदा मुकादम, विजयाताईंचीच विद्यार्थिनी, गावात संगणकाचे क्लास चालवते. ती त्या दिवशी मामेबहिणीच्या लग्नाला दापोलीला गेलेली. मागे सनई, माणसांचा गलका. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, आता नीट ऐका. संगणक बंद करा. मागची वायर काढून ठेवा. मी उद्या दुपारी येते. तोवर त्याला हात लावायचा नाही."

"पण मिळेल का?"

"पुसलेलं लगेच जात नाही, काका. पंगतीच्या यादीतून नाव खोडलं तरी माणूस पानावर बसलेलाच असतो. दुसरा कुणी त्याच्या जागी बसवला, की मग संपलं. तुम्ही साफ केल्यावर ते लावून द्यायचंही चालवलंत ना? म्हणजे बरीच उठबस आधीच झालीय. जे उरलंय ते उरू द्या. काही करू नका."

काही करू नका! श्रीधरपंतांना! अहो, त्यांना सांगितलं असतं की डोंगर उचला, तर त्यांनी फावडं शोधलं असतं. आता ते संगणकासमोर. वायर काढलेली. झोपाळ्यावर बसले. उठले. अंगणात गेले, तुळशीला पाणी घातलं. तिला सकाळीच घातलं होतं. परत आले. बाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. पंतांचा जीव नुसता वरखाली. आपण केलंय, आपणच निस्तरलं पाहिजे. नुसतं बसायचं कसं? बसून का कधी काही होतं?

मी तुम्हाला विचारतो, बसून होत नाही का काही?

सकाळी बाई दूध आणायला गेल्या. पंतांनी वायर लावली. 'फक्त बघतो,' म्हणाले. स्वतःशीच म्हणाले, दुसरं कोण होतं ऐकायला! पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर, फुकट. मिळालं. चढवलं. अहो, कुठे चढवलं? त्याच डिस्कवर! तोही पाहुणाच की, त्यालाही जागा लागते. कुणाच्या पानावर जाऊन बसला असेल? वाचवायला आलेला माणूस बुडणाऱ्याच्या छातीवर उभा!

दुपारी फरीदा आली. खुर्ची ओढली, बघितलं. म्हणाली, "काका, काल फोननंतर काय केलंत?"

पंत टेबलावरची धूळ पुसायला लागले.

"काका?"

"एक... फक्त एकच चढवलं."

 फरीदा आपल्या पिशवीतली वेगळी डिस्क जोडून कामाला लागली. जाता जाता तिने ती सगळी झाडू मंडळी काढून टाकली आणि सांगून गेली, "काका, पंगत लावायचं काम याच्या पोटातच दिलेलं असतं. आपलं आपण, अधूनमधून, शांतपणे चालतं. तुमच्या त्या फुकट्यांनी ते बंद करून ठेवलं होतं."

ऐकलंत? पोटातच होतं! यावर मी तासभर बोलू शकतो, पण बोलत नाही, तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय की पोचलं.

पुस्तकाचं काय झालं? सुरुवातीचा भाग परत आला. मधला तुकड्यातुकड्यांत आला, कुठे वाक्याच्या पोटात सुरू होऊन वाक्याच्या पोटातच संपलेला. शेवटचा निम्मा गेला तो गेलाच. बाई पुन्हा वाचायला बसल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. चार दिवसांत घसा बसला. डॉक्टर म्हणाले, आता पंधरा दिवस बोलायचं नाही. बाईंनी पुस्तक उचललं आणि पंतांच्या पुढ्यात ठेवलं. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं बघितलं.

पंत माइकपुढे बसले. वाचलं. काय वाचलं! एका प्रकरणाचा फडशा दुधावरची साय खरवडावी तसा. बाई नको नको म्हणून हात हलवत होत्या, हे पान उलटत होते. नमुना म्हणून त्यातला छोटासा तुकडा चैत्रालीला फोनवरून पाठवला, एवढं मोठं पुस्तक काही फोनवरून जाणारं नव्हतं. तिचा फोन आला.

"काका, तुमचा आवाज छान आहे. पण मला काही कळलं नाही."

"का गं? स्पष्ट वाचलंय."

"स्पष्ट आहे. पण वाक्य संपलं की तुम्ही थांबत नाही. मी ऐकते, मग मनात ठेवते, मग पुढचं ऐकते. तुम्ही मला ठेवायला वेळच देत नाही."

"थांबलं तर वेळ जातो, बाळ. परीक्षा आली ना तुझी!"

ती मुलगी म्हणाली, "तो वेळ माझा आहे, काका. तो तुम्ही घेऊ नका."

मंडळी, या माणसाला आयुष्यभर बायकोने सांगितलं, साहेबांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. ऐकलं नव्हतं. या वाक्याला मात्र त्यांचे डोळे भरून आले. भरणारच! माझे सांगतानाही भरतात.

पंतांनी ते प्रकरण पुन्हा वाचलं. वाक्य संपलं की थांबायचं. थांबलं की गुडघा हलायचा, गुडघ्याने टेबल हलायचं, टेबलाने माइक. पुन्हा पहिल्यापासून! बाई शेजारी बसायच्या आणि गुडघ्यावर हात ठेवायच्या. रोज बसायचे. घाम फुटायचा, सांगतो तुम्हाला, नांगराला जुंपल्यासारखा घाम. काय करत होते? काही नाही! दोन वाक्यांच्या मध्ये गप्प बसत होते.

आणि तो दिवस आला. चैत्रालीचे वडील पेनड्राइव्ह घेऊन दारात. सगळं झालं होतं, शेवटचं प्रकरण अर्धं राहिलेलं. वडील म्हणाले, "पंत, गाडी स्टँडवर लागलीय. जेवढं झालंय तेवढं द्या. ही गेली की मग संध्याकाळचीच."

स्टँड घरासमोर. एसटीचा हॉर्न वाजला. कंडक्टर हाका मारतोय. आता आपले जुने पंत असते तर? उरलेली पानं एका दमात खाल्ली असती आणि धावत जाऊन पेनड्राइव्ह खिडकीतून दिला असता! पंतांनी वडिलांना हाताने खूण केली: बसा. आणि वाचू लागले. एक वाक्य. थांबले. पुढचं वाक्य. थांबले. पुन्हा हॉर्न. वडिलांची चुळबुळ चालली होती. पंत थांबण्याच्या जागी थांबत होते. गाडी सुरू झाली, वळली, गेली. पंतांनी पान उलटलं.

पुस्तक पूर्ण झालं. वडील संध्याकाळच्या गाडीने गेले. चैत्रालीने ते ऐकलं, परीक्षा दिली. गुण किती पडले ते मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही. पण पेपर झाल्यावर तिचा फोन आला, तो विजयाताईंनी मला सांगितला. तिने विचारलं होतं, "काका, शेवटच्या प्रकरणात एसटीचा हॉर्न ऐकू येतो. दोनदा. ती बाबांची गाडी होती ना?"

पंत म्हणाले, "हो."

ती म्हणाली, "आणि तुम्ही तरीही वाक्याच्या शेवटी थांबलात. मी ते पुन्हा पुन्हा ऐकते. आजवर माझ्यासाठी सगळ्यांनी घाई केली, काका. थांबलं कुणी नव्हतं."

नाना, पेटी मिटा. बुवा, हात मांडीवर ठेवा. रोज इथे शेवटी गजर होतो, टाळ्या होतात, आणि तुम्ही देवाकडे पाठ करून चपला शोधायला पळता. आज गजर नाही. तुमच्या घरीही कुणीतरी बोलत असतं, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत तुम्ही उठलेले असता. म्हातारी आई असेल, मुलगा असेल, शेजारी बसलीय तीही असेल. कुणाचं ते तुमचं तुम्हाला माहीत आहे.

देव समोर आहे. तोही काही म्हणत असेल. मी आता बोलायचा थांबतो. तुम्ही नुसते बसा. बघू, पहिला कोण उठतो.